झांजेखाली लपवलेला श्वास

गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, परळच्या एका रुग्णालयाच्या छातीविकार विभागात माझे पती दत्ताराम यांना फुप्फुसांचा आजार असल्याचे सांगण्यात आले. आजाराचे नाव इंटरस्टिशियल लंग डिसीज, थोडक्यात आयएलडी. यात फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती जाड आणि कडक होत जातात. फुप्फुस पूर्वीसारखे फुगत नाही आणि प्राणवायू रक्तात उतरायला अडचण होते. जो भाग कडक झाला तो पुन्हा मऊ होत नाही. डॉक्टरांनी हे याच क्रमाने सांगितले.

दत्ताराम तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. ते लालबागच्या एका भजनी मंडळाचे चौतीस वर्षे बुवा आहेत, म्हणजे पेटी वाजवत मुख्य गाणारे. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गाता येईल?"

डॉक्टर तिशीतल्या होत्या. म्हणाल्या, "आत्ता नाही सांगता येणार, काका. उगाच हो म्हणणार नाही."

हा प्रश्न त्यांचा होता, तसाच माझाही होता. मी एका मराठी दैनिकाच्या प्रभादेवीच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षे उपसंपादक होते. कामाची वेळ दुपारी चारनंतरची, सुटी बुधवारी. भजन शनिवारी संध्याकाळी. लग्नाला एकतीस वर्षे झाली होती आणि तोवर मी त्यांचा एक अभंग पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत एकदाही ऐकला नव्हता. कधी उशिरा पोहोचले, कधी मध्येच उठले. घरी ते गात नसत. दाढी करताना एखादी ओळ म्हणत, तीही अर्धी. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी मंडळात जाऊन बसायचे, असे मी ठरवले होते. जानेवारीत निवृत्त झाले. फेब्रुवारीत त्यांना खोकला सुरू झाला.

खोकला कोरडा होता. कफ नाही, ताप नाही. आमच्या डॉक्टरांनी औषध दिले, थोडा फरक पडला, पुन्हा सुरू झाला. आम्ही डिलाईल रोडला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मार्चपासून दत्ताराम जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबून लोकांशी बोलू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेवहिनी मला म्हणाल्या, "तुमचे बुवा हल्ली माणसात आले हो. आधी नुसती मान हलवून जायचे, आता माझ्या गुडघ्यांची रोज चौकशी करतात. लाजायला होतं बाई."

मंडळातही बदल झाला होता. पूर्वी चरण स्वतः म्हणायचे आणि ध्रुवपदच कोरसला द्यायचे. आता अर्धे चरण कोरसकडे जाऊ लागले. मृदंग वाजवणारे पांडुरंग त्यांचे गाववाले, वेंगुर्ल्याकडचे. तेही खूश होते. "बुवा आता पोरांका चान्स देतत," असे त्यांनी मला दारात सांगितले.

फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन वेळा दवाखान्यात त्यांचा श्वास मोजला गेला. तिन्ही चिठ्ठ्यांवर एकच आकडा आहे: मिनिटाला सोळा. मोठ्या माणसाचा बसल्या जागी श्वास मिनिटाला बारा ते वीस असतो, म्हणजे सोळा उत्तमच. बसून तपासलेला ऑक्सिजनही शहाण्णव होता. छापायला आलेल्या बातमीतला आकडा दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय मी कधी सोडला नाही. हा आकडा मी सोडला.

जुलैत एका सकाळी आम्ही बाजार करून परतत होतो. दत्ताराम दुसऱ्या मजल्यावर थांबले. कांबळेवहिनींचे दार बंद होते. गॅलरीत कोणीही नव्हते. तरी ते कठडा धरून उभे राहिले. बोलायला कोणी नसताना ते थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मी विचारले, "काय होतंय?"

"काय नाय गो. तू हो पुढे."

मी पुढे गेले नाही. दोन आठवड्यांनी आम्ही छातीविकार विभागात होतो.

त्या दिवशीच्या तपासणीला चाळीस मिनिटे लागली. एक्स-रे आणि मशिनांच्या आधी डॉक्टर फक्त डोळे, हात आणि कान वापरून बरेच काही शोधतात, हे मला माहीत नव्हते. श्वासाचा त्रास असलेल्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी ते माहीत करून घ्यावे, म्हणून तपशिलात लिहिते.

पहिला टप्पा इन्स्पेक्शन, म्हणजे केवळ पाहणे. तो आम्ही दारातून आत येतानाच सुरू झाला होता, हे नंतर कळले. खुर्चीपर्यंत यायला किती वेळ लागला, बसताना हात कुठे टेकले, ओठांचा रंग, मानेचे स्नायू ताणले जातात का, गळपट्टीच्या हाडावरचा खळगा श्वासाबरोबर आत ओढला जातो का. दत्ताराम ताठ बसले होते. खळगा ओढला जात होता.

मग वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी मनगट धरले, घड्याळाकडे पाहिले. मिनिट संपल्यावर कागदावर सोळा लिहिले. मग मनगट सोडले आणि केसपेपरमध्ये काही शोधत असल्यासारख्या आणखी एक मिनिट तिथेच उभ्या राहिल्या. नंतर सोळा खोडला आणि शेजारी सव्वीस लिहिले.

"हे काय?" मी विचारले.

"आधी काका श्वास मोजून घेत होते. आता मी मोजले."



त्यांची नखे पाहिली गेली. दोन्ही हातांच्या एकाच बोटाची नखे पाठीला पाठ लावून धरायची. निरोगी माणसात मध्ये शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसते. फुप्फुसाच्या काही जुन्या आजारांत नखे फुगीर होतात आणि फट बुजते. याला क्लबिंग म्हणतात. दत्ताराम यांच्या नखांत फट नव्हती. ही बोटे पेटीवर फिरताना मी कित्येकदा पाहिली होती.

दुसरा टप्पा पाल्पेशन, म्हणजे हाताने चाचपणे. डॉक्टरांनी पाठीवर दोन्ही तळवे ठेवले, अंगठे मणक्याजवळ जुळवले आणि खोल श्वास घ्यायला सांगितले. छाती फुगते तसे अंगठे एकमेकांपासून लांब जायला हवेत. ते जेमतेम हलले. मग शिंप्याच्या टेपने मोजले. श्वास सोडलेली छाती आणि भरलेली छाती यांत चार-पाच सेंटीमीटरचा फरक अपेक्षित असतो. फरक दीड सेंटीमीटर भरला.

तिसरा परकशन. एक बोट पाठीवर ठेवून त्यावर दुसऱ्या बोटाने ठोकायचे. आत हवा असेल तर आवाज पोकळ येतो, पाणी असेल तर बद्द. दत्ताराम पाठमोरे असतानाच म्हणाले, "पुडी उतरली असेल तर सांगा डॉक्टर, आमचा पांडू चढवून देईल." मृदंगाचे चामडे सैल पडले की पुडी उतरली म्हणतात. डॉक्टरांना ते माहीत नव्हते. सांगितल्यावर त्या हसल्या. "आवाज ठीक आहे. पाणी नाही."

चौथा ऑस्कल्टेशन, म्हणजे स्टेथोस्कोपने ऐकणे. पाठीच्या खालच्या भागात डॉक्टर बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. श्वास आत घेताना शेवटी शेवटी चरचर ऐकू आली. रक्तदाबाच्या पट्ट्याची चिकटणारी बाजू उघडताना येते तशी. डॉक्टरांनी पट्टा उघडून तो आवाज शेजारी ऐकवला. याला क्रॅकल्स म्हणतात. कडक झालेल्या, मिटलेल्या पिशव्या उघडताना तो येतो. मी एक श्वास सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. मग पुढचाही ऐकला.

शेवटी डॉक्टरांनी विचारले, "काय करता काका?"

"बँकेत होतो, रेकॉर्ड विभागात. आता निवृत्त. भजन करतो."

"म्हणा की दोन ओळी."

त्यांनी म्हटल्या. पेटी नाही, मृदंग नाही, झांजा नाहीत. डॉक्टर त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या, मानेकडे पाहत होत्या.

"श्वास कुठे घेतलात?"

"दोन ओळी एका दमात."

"नाही. चार शब्द झाले की एक चोरटा श्वास. मी पाच मोजले."

दत्ताराम यांनी प्रथम माझ्याकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे. "तो दिसू द्यायचा नसतो," ते म्हणाले.

ही भजनातली रीत आहे. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर आळीपाळीने गातात. समोरच्याचा दम कुठे तुटतो याकडे दुसऱ्याचे लक्ष असते आणि तुटला की भर सभेत टोमणा येतो. म्हणून नवशिक्या बुवाला आधी श्वास लपवायला शिकवतात. झांज जोरात पडते तेव्हा तिच्याखाली घ्यायचा. खांदा हलता कामा नये, तोंड उघडता कामा नये. दत्ताराम हे वयाच्या अठराव्या वर्षी शिकले. कोणी मनगटाला हात लावला, कोणी बघत आहे असे वाटले की त्यांचा श्वास आपोआप बेतशीर होत असे. ते मुद्दाम फसवत नव्हते. चिठ्ठ्यांवरचे तीन सोळा असे आले होते. पुढे कळले की अर्धे चरण पोरांना दिले जात होते तेही याच कारणाने.

डॉक्टर म्हणाल्या, "काका, श्रोत्यांपासून लपवा. माझ्यापासून लपवलात तर माझं काम संपलं."

त्यानंतर तपासण्या झाल्या. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारा स्कॅन. त्यात खालच्या भागात जाळे दिसले. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून हवेची क्षमता मोजणे. सहा मिनिटे चालण्याची चाचणी. रुग्णालयाच्या लांब कॉरिडॉरमध्ये दत्ताराम सहा मिनिटे चालले. सुरुवातीला ऑक्सिजन पंचाण्णव, शेवटी शहाऐंशी. बसून तपासले की ठीक, चालवले की घसरण. या आजाराचे हे ठळक लक्षण आहे.

कारण शोधण्यासाठी प्रश्न विचारले गेले. धूळ, ओल, जुनी औषधे, सांधेदुखी, पक्षी.

"खिडकीत कबुतरं येतात का?"

"येतात," दत्ताराम म्हणाले. "लालबाग-परळात कुणाकडे येत नाहीत तो पत्ता द्या, राहायला जातो."

आम्ही जाळी बसवली. रक्ताच्या चाचण्यांत काही निघाले नाही. केसपेपरवर लिहिले आहे: कारण निश्चित नाही.

गोळ्या सुरू झाल्या. त्या आजार बरा करत नाहीत, वाढण्याचा वेग कमी करतात, असे स्पष्ट सांगितले गेले. भूक कमी झाली, वजन चार किलो उतरले. जिना चढताना वापरायला ऑक्सिजनचे लहान यंत्र घ्यावे लागले.

घरी श्वास मोजण्याचे काम माझ्याकडे आले. सिस्टरांनी शिकवले. मोजतो आहोत हे कळू द्यायचे नाही. पूर्ण एक मिनिट मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे नाही. पोटाकडे किंवा खांद्याकडे पाहायचे. टीव्ही पाहताना मोजले तर उत्तम. आकडा, वेळ आणि त्याआधी रुग्ण काय करत होता हे लिहायचे. मी सकाळी आणि संध्याकाळी मोजू लागले. चोवीस. सव्वीस. आंघोळीनंतर बत्तीस.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी मला पकडले. ते पेपर वाचत होते, मी भाजी चिरत होते. विळीवरचा हात थांबलेला त्यांच्या लक्षात आला.

"किती झाले?" त्यांनी विचारले.

"कसले?"

"एकतीस वर्षं कधी वळून बघितलं नाहीस. आता पहारा?"

मी भाजी बाजूला ठेवली. "बघायचंच होतं. म्हणून तर जानेवारीची वाट बघत होते."

"आता बघून काय मिळणार? सव्वीस?"

त्यांनी पेपर घडी घातला आणि गॅलरीत गेले. त्या संध्याकाळी त्यांनी पांडुरंगना बोलावून पेटी मंडळाच्या खोलीत नेऊन ठेवायला सांगितले. पेटी घरात असली की हात जातो, आणि हात गेला की खोकला येतो, असे कारण दिले. पांडुरंग पेटी खांद्यावर घेऊन गेले.

दाढी करतानाची अर्धी ओळ एप्रिलपासूनच बंद होती. पेटी जाईपर्यंत मला ते कळले नव्हते. आता सकाळी मोरीतून नळाचा आवाज येई, वाटी ठेवल्याचा येई, ब्रश आपटल्याचा येई. मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून थांबत असे.

मंडळातल्या लोकांकडे मी त्यांच्या गाण्याची रेकॉर्डिंग मागितली. वीस जणांच्या फोनवरून एक्केचाळीस तुकडे जमले. सगळ्यात लांब दोन मिनिटे दहा सेकंदांचा. बहुतेक गजर रंगात आल्यावर सुरू केलेले, कोरस आणि झांजांनी भरलेले. त्यांचा एकट्याचा आवाज जिथे लागतो ती सुरुवात एकातही धड ऐकू येत नाही. एका तुकड्यात त्यांनी आलाप घेतल्याघेतल्या फोन धरणारा शेजाऱ्याला म्हणतो, "सरक रे, बुवा दिसूदे." तो मी पुष्कळदा ऐकला.

नोव्हेंबरपासून रुग्णालयात पल्मनरी रिहॅबिलिटेशन सुरू झाले. म्हणजे कमी झालेल्या श्वासात जगायचा सराव. आठवड्यातून दोनदा. फिजिओथेरपिस्ट ओठ शिट्टीसारखे करून हळू श्वास सोडायला शिकवत. पाच पायऱ्या, थांबणे, पाच पायऱ्या. त्यांचा एक नियम होता: श्वास घ्या तो सगळ्यांना ऐकू जाईल असा घ्या. दत्ताराम यांना हे सगळ्यात जड गेले. पहिले दोन आठवडे ते इतर रुग्णांसमोर तोंड उघडायला तयार नव्हते. शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी त्यांना म्हटले, "भाऊ, इथं कोण जिंकायला आलंय?" त्यानंतर ते घेऊ लागले.

डिसेंबरच्या तपासणीत डॉक्टरांनी पुन्हा पाहणे, चाचपणे, ठोकणे, ऐकणे हे चारही टप्पे केले. चरचर तेवढीच होती. छातीचे फुगणे अर्ध्या सेंटीमीटरने वाढले होते. सिस्टरांनी मनगट धरले तेव्हा दत्ताराम म्हणाले, "बाई, उघड मोजा." आकडा चोवीस आला. एकदाच मोजला गेला.

मी डॉक्टरांना गाण्याचे विचारले. त्या म्हणाल्या, "दमेपर्यंत नाही. ऑक्सिजन लावून, बसून, मध्ये थांबून. अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला की बंद. आणि काकांना विचारा, त्यांना हवंय का."

घरी येताना मी विचारले. ते म्हणाले, "श्वास दिसेल सगळ्यांना."

"मला दिसला तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पांडुरंगना फोन केला.

मंडळाच्या खोलीत जानेवारीत चार तालमी झाल्या. पहिल्या तालमीत झांजवाल्यांनी सवयीने प्रत्येक श्वासावर जोर दिला. बुवांचा दम झाकायचा हे त्यांच्या हातात बसले होते. पांडुरंगनी मृदंग थांबवला. "अरे, झाकूक नको. थांबा. बुवांनी श्वास घेतल्याशिवाय कोणी हात उचलूचो नाय." दुसऱ्या तालमीपासून श्वासाच्या जागी सगळे वादन थांबू लागले. ज्येष्ठ झांजवाले म्हणाले, "हे भजन काय? ही शोकसभा." दत्ताराम म्हणाले, "मग तू रड. मी श्वास घेतो." खोलीत सगळे हसले. हसताना दत्ताराम यांना खोकला आला आणि तालीम दहा मिनिटे थांबली.

माघी गणपतीला मंडळाचे भजन संध्याकाळी सात वाजता सुरू झाले. मी साडेसहाला जाऊन तिसऱ्या रांगेत बसले. नमन आणि पहिले दोन अभंग दुसऱ्या गायकाने म्हटले. सात पन्नासला पेटी दत्ताराम यांच्यापुढे ठेवली गेली. नाकाला नळी, शेजारी यंत्र, डाव्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा होता. चिमट्यामुळे भाता ओढता येईना, म्हणून तो काढून पायाच्या बोटाला लावला.

त्यांनी एक अभंग घेतला. आवाज पूर्वीपेक्षा लहान होता, असे शेजारच्या बाई म्हणाल्या. मला तुलना करता आली नाही. प्रत्येक चार-पाच शब्दांनंतर वादन थांबत होते आणि श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता. अभंगाला चार चरण होते. त्यांनी तीन म्हटले. तिसऱ्यानंतर चिमट्यावर अठ्ठ्याऐंशी दिसले आणि त्यांनी पेटीवरून हात काढला. चौथा चरण पांडुरंग आणि कोरसने पूर्ण केला. दत्ताराम मान खाली घालून बसले होते, ओठ शिट्टीसारखे करून श्वास सोडत होते. सात मिनिटांनी ऑक्सिजन त्र्याण्णव झाला.

दुसऱ्या दिवशी पेटी घरी परत आली. मार्चमध्ये पुन्हा एचआरसीटी झाला. आजार वाढलेला नाही, कमीही झालेला नाही, असे अहवालात आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे.

माघानंतर हा मजकूर लिहीपर्यंत दत्ताराम तीन वेळा गायले. तिन्ही वेळा घरी, सकाळी. तोच अभंग. चौथा चरण अजून झालेला नाही. तिन्ही वेळा मी समोर बसले होते.